मालू डोळा मिटते

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

मी दिवसभर बोलतो. रोह्याच्या कंपनीत पंपावर बोलतो, सुट्टीच्या दिवशी क्रिकेटच्या मैदानात माइकवर बोलतो, घरी आलो की आई विचारते, "तोंड हाय का गिरण?" पण आजची गोष्ट दोघांना सांगायला गेलो आणि दोन्ही वेळा घसा भरून आला. समालोचकाचा घसा भरला की लोक खोकल्याची गोळी पुढं करतात. म्हणून वही काढली.

आज वाशीच्या हॉस्पिटलात मालूचं मशीन चालू केलं. मालू माझी मुलगी, अडीच वर्षांची. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. गेल्या महिन्यात उजव्या कानामागं ऑपरेशन करून आत एक बारीक तार बसवली. बाहेर कानावर अडकवायचं मशीन, आणि त्याला जोडलेली एक चकती, ती केसांवर चुंबकानं चिकटते.

नमिता मॅडम तिथं मशीन जुळवायचं काम करतात. त्यांनी चकती चिकटवली आणि कॉम्प्युटर लावला. मी म्हटलं, "मॅडम, करा चालू."

"आवाज नंतर. आधी वाट तपासू," त्या म्हणाल्या. तारेवर बावीस टोकं आहेत. प्रत्येक टोकातून वीज जाताना तिला किती अडथळा होतो, ते पडद्यावर आकड्यात येतं. त्याला इम्पिडन्स म्हणतात. अडथळा वाढला तर तोच आवाज पोचवायला मशीनला जास्त जोर लावावा लागतो.

मी म्हटलं, "म्हणजे पाइप चोक झाला की पंपाचा दाब वाढतो, तसंच की." मॅडम हसून म्हणाल्या, "बरोबर कळलं तुम्हाला." मी दिपिकाकडं बघितलं, म्हटलं बायकोलाही कळू दे नवरा काय चीज आहे. सगळी टोकं हिरवी आली.

मग आवाज सुरू केला. मॅडमनी सांगितलं होतं की आधी आईनं हळू बोलायचं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी मैदानातल्या आवाजात ओरडलो, "मालूऽऽ!" पोर दचकली, तोंड वाकडं झालं आणि दिपिकाच्या छातीत शिरून रडायला लागली. मी पण रडलो. माझी हाक माझ्या लेकीच्या कानात गेली.

मॅडम म्हणाल्या, "हळू बोला. सवय होऊ दे तिला." नियम एकच दिला, जागी असेल तेवढा वेळ मशीन कानावर हवं. उतरू द्यायचं नाही.

१२ नोव्हेंबर

मशीन सकाळपासून सापडत नव्हतं. सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी आईला सुक्या बोंबलाच्या डब्यात मिळालं. मालूनं स्वतः ठेवलं होतं, वर झाकणही लावलं होतं. आता मशीनला वास येतोय आणि मांजर मालूच्या मागं फिरतंय.

दिपिकानं जुन्या ब्लाउजपीसची टोपी शिवली. मशीन आत बसतं, हनुवटीखाली नाड्या. आई म्हणाली, "पोराला घोडा केलास व्हय गो?" पण टोपी चांगली आहे. दिपिकाचा हात चांगला.

१ डिसेंबर, रविवार

आज मैदानाला सुट्टी दिली आणि सार्थक झालं. मालू ओटीवर पाठमोरी बसली होती. आत दिपिकाच्या हातून स्टीलची वाटी पडली. मालूनं मान वळवली.

आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. दिपिकानं मुद्दाम परत वाटी पाडली. परत वळली. मग आईनं पाडली, मग मी. शेजारचा केरू विचारायला आला की भांडण कशावरनं चाललंय. केरू आमच्या खारेपाट भागातल्या सगळ्या टूर्नामेंट भरवतो, मला माइक त्यानंच हातात दिला. त्यानं पण एकदा वाटी पाडून बघितली.

३ डिसेंबर

वाशीला जाऊन आलो. टोकं सगळी हिरवी. मॅडमनी आवाज थोडा वाढवला. महिन्याला एकदा यायचं, घरचा सराव दिपिकानं घ्यायचा. निघताना दारापर्यंत आल्या. "ताप, सर्दी, कान दुखणं, किंवा काहीही वेगळं दिसलं तर आधी मला फोन."

१८ डिसेंबर

मालू "आई" म्हणाली. अगदी स्पष्ट नाही, "आ-ई" असं तुटक, पण दिपिकाचा पदर ओढून म्हणाली, म्हणजे शंकाच नको. दिपिका चुलीतल्या निखाऱ्यासारखी फुलली आहे, कुणी काही विचारलं तरी हसते.

मला आनंद झाला. आणि खरं लिहायचं तर पोटात दुखलं पण. शिफ्टला पहाटे निघतो, येतो तेव्हा पोरगी पेंगुळलेली. आई तिच्याजवळ दिवसभर, मग आईच म्हणणार. पण "बाबा" काय अवघड आहे? ओठ मिटायचे आणि उघडायचे. आता रोज आल्यावर तिला समोर बसवून सांगणार, "म्हण, बा-बा." जवळून आणि खणखणीत सांगायचं, म्हणजे चुकायला नको.

मला आता जगात दुसरं काही नको आहे. एकदा तिनं "बाबा" म्हणून हाक मारावी आणि मी ओ द्यावी.

९ जानेवारी २०२५

मालूला तीन दिवस ताप. नाक गळतंय, उजवा कान धरून रडते. पेणच्या डॉक्टरांनी औषध दिलं. मशीन काढून ठेवलंय. या महिन्याची वाशीची फेरी हुकली. मालूला बरं वाटलं की मॅडमना फोन करू.

१९ जानेवारी, रविवार

वा! आज मालूनं मैदान मारलं.

वडखळच्या पलीकडं गावदेवीच्या मैदानात टूर्नामेंट होती. ताप उतरून आठवडा झाला, मशीन परत कानावर आहे, म्हणून तिला बरोबर नेलं आणि खांद्यावर बसवून कॉमेंट्री केली. पहिला षटकार गेला, मी माइकवर ओरडलो, "चेंडू गेला खाडीपार, आता कोलंब्या घेतील झेल!" समोरची माणसं माझ्याकडं न बघता वर बघून हसायला लागली. मला कळेना. केरू म्हणाला, "निलेश, तुजी पोर डोला मारते."

खरंच. मी ओरडलो की तिचा उजवा डोळा मिटे. पब्लिक टाळ्या वाजवी, टाळीला पण डोळा. आधी कधी असं केलं नव्हतं. केरूनं माझ्या हातून माइक घेतला, "पाहुण्या मालूताईंनी षटकाराला पसंती दिलेली आहे." सगळं मैदान हसलं.

मला हसू आलं आणि रडूही. लोक विचारायचे, ऐकू येतं का रे तिला नक्की? आता कुणाला सांगायची गरज नाही. आवाज झाला की डोळा मिटते. हाताच्या काकणाला आरसा कशाला.

२८ जानेवारी

घरी येईल तो टाळी वाजवून बघतो. काल मालूची आत्या आली, तिनं दहादा वाजवली. आई सगळ्यांना सांगते, "आज्यावर गेलीय. तो पन असाच डोला मारायचा." आमचा आजा भलताच रंगेल होता म्हणतात.

दिपिका मात्र नाट लावते. म्हणाली, "डोल्याबरोबर ओठाचा कोपरा पन ओढला जातो. तुमी नीट बघा."

"हसते ती गो."

"हसताना दोनी कोपरे जातात."

मी म्हटलं, तू पोरीच्या हसण्याला पण टेप लावून बसलीस.  तिला उगाच काळजीची सवय लागली आहे, ऑपरेशनच्या आधीपासून.

६ फेब्रुवारी

नमिता मॅडमचा फोन आला. जानेवारीत आला नाहीत, आता चौदाला या. चौदाला कसं जमणार? चौदा, पंधरा, सोळा रोह्याला कुंडलिकेच्या काठी मोठी टूर्नामेंट, जिल्ह्यातल्या टीम, आणि तीनही दिवस माइक माझ्याकडं. पहिल्यांदाच एवढं मोठं मैदान मिळतंय. कंपनीतून सुट्टी त्यासाठीच काढली.

मी सांगितलं, "मॅडम, प्रतिसाद एक नंबर आहे. जरा आवाज झाला की लगेच समजतं तिला."

त्या म्हणाल्या, "छान. तरी लवकर या. तापानंतर तपासायला हवं." पुढची रजा मार्चशिवाय नाही, म्हणून मार्चच्या शेवटची तारीख घेतली. डोळ्याचं सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे?

फोन ठेवल्यावर दिपिका म्हणाली, "मी नेते तिला. एकटी जाईन."

मी चिडलो. पोर कडेवर, मशीनची पिशवी, पनवेलला गाडी बदलायची, एकटी कुठं धडपडणार? आणि ऐकू येतंय ना तिला? मग महिना-दीड महिना इकडं तिकडं झाला तर काय आभाळ कोसळणार आहे का? आवाज जरा चढलाच माझा. मालू दारात उभी होती. तिनं टोपी ओढून काढली आणि अंगणात फेकली. हल्ली हा हट्ट फार वाढलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

घसा बसलाय, म्हणून लिहिणंच बरं. तीन दिवस असं बोललोय की हरलेल्या टीमच्या लोकांनी पण खांद्यावर घेतलं. फायनलचा शेवटचा चेंडू आणि माझा आवाज, दोन्ही रोहेकर विसरणार नाहीत.

आज दिपिका आणि मालू आल्या होत्या. मांडवात जागा नव्हती म्हणून त्यांना स्पीकरच्या जवळ बसवलं. मालूनं तासाभरात चारदा टोपी काढली. मी दोन ओव्हरच्या मधे उतरून गेलो आणि नाड्यांना दुहेरी गाठ मारली. ती हातपाय झाडत होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "राहू दे रे, पोर दमलंय." मी त्यांना समजावलं, काका, डॉक्टरांचा नियम आहे, जागी असेल तेवढा वेळ घालायचंच. लाड केले तर पोरगी मुकी राहील.

परत येताना कोलाडपर्यंत ती रडत होती, मग झोपली. 

२ मार्च

पोरगी हुशार निघाली. आता मी बोलायच्या आधीच डोळा मिटते. संध्याकाळी आलो, गाडी लावली, ओटीवर पाय ठेवला, अजून तोंड उघडलं नव्हतं आणि हिचा डोळा बंद. दोन्ही डोळे म्हणायला हवेत, घट्ट मिटले आणि मान खांद्यात घातली. मी पोट धरून हसलो. बापाला ओळखून आहे.

समोर बसवून "म्हण, बा-बा" घेतलं. डोळे मिटून बसून राहिली. दहा-बारा वेळा सांगितलं. मग टोपीच्या नाड्या दातानं तोडायला लागली.

दिपिका म्हणाली, "तुमी नसता तवा ती दिवसभर घालून बसते. एकदा पन काढत नाय."

हे मला झोंबलं. म्हणजे मी आलो की पोरगी बिघडते असं का? मी म्हटलं, तू तिला डोक्यावर बसवलंस, शिस्त लावायला कुणीतरी वाईट व्हायला हवं, ते मी होतो. दिपिकानं ताट वाढलं आणि मालूला घेऊन मागच्या दारी गेली.

१४ मार्च, धुळवड

शिमग्याचा ढोल चालू होता. पोरांनी मालूला मधे घेतलं, रिंगण केलं आणि टाळ्या सुरू केल्या. "मालू, डोला मार. मालू, डोला मार." तिचा डोळा इतका फडफडत होता की थांबेना, ओठ एका बाजूला गेलेला. मी पण टाळी वाजवत होतो. तिनं टोपी ओढली, गाठ सुटली नाही. मग माझ्याकडं धावत आली. मला वाटलं उचलून घ्यायला आली. तिनं माझ्या हाताला कडकडून चावा घेतला.

मी तिच्या हातावर चापट मारली. जोरात नाही.

दिपिका रिंगणात शिरली, कात्रीनं टोपीची नाडी कापली आणि तिला घरात घेऊन गेली. सगळी पोरं माझ्याकडं बघत राहिली. सणासुदीला तमाशा.

दाताचे व्रण हातावर आहेत. एवढीशी पोर आणि केवढा राग. कुणावर गेली?

२५ मार्च, मंगळवार

लिहिलं पाहिजे. 

वाशीला गेलो. केबिनमध्ये शिरल्या शिरल्या मी म्हटलं, "मॅडम, तपासायच्या आधी एक गंमत बघा." मालू दिपिकाच्या मांडीवर होती. मी टाळी वाजवली. डोळा मिटला. मी हसून मॅडमकडं बघितलं आणि हाक मारली, "मालूऽऽ!" डोळा मिटला, ओठ ओढला गेला. मी दिपिकाला म्हटलं, बघ.

मॅडम खुर्चीतून उठल्या होत्या. "परत करू नका," त्या म्हणाल्या. माझा हात अजून टाळीसाठी वर होता.

"हे कधीपासून होतंय?"

दिपिका म्हणाली, "तापानंतर. जानेवारीपासून."

मॅडमनी स्वतःच्या हातानं मालूची चकती काढली, कॉम्प्युटरला जोडली आणि आकडे घेतले. पडद्यावर पहिल्यांदा लाल रंग दिसला. एका बाजूची पाच टोकं लाल, त्यांच्या शेजारची पिवळी. त्यांनी दोनदा तपासलं. मग खुर्ची आमच्याकडं वळवली आणि हळू आवाजात सांगितलं. तापात कानाला आतून सूज आली असावी. त्यामुळे या टोकांपाशी अडथळा वाढला. आवाज पोचवायला मशीन जास्त जोर लावत राहिलं. आणि त्या टोकांच्या अगदी जवळून चेहऱ्याची नस जाते. जोर वाढला, तसा करंट तिकडं जायला लागला. "डोळा ती मिटत नव्हती. करंटनं मिटत होता."

पाइप चोक झाला की दाब वाढतो, आणि दाब वाढला की कुठून तरी गळतं. हे मी रोज पंपावर बघतो. याच खोलीत बसून मीच मॅडमना शिकवलं होतं.

मी विचारलं, "दुखतं का?"

"मोठी माणसं सांगतात, चिमटा बसल्यासारखं, सुई टोचल्यासारखं. कुणाला कमी, कुणाला फार. मालूला सांगता येत नाही." मग त्यांनी विचारलं, "मशीन काढून टाकत होती का?"

"व्हय," दिपिका म्हणाली.

"मग तुम्ही काय करत होतात?"

मी सांगितलं, "गाठ मारत होतो." माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "नियम मीच दिला होता. वेगळं दिसलं तर कळवा हे पण सांगितलं होतं. आता पुढचं बघू." त्यांनी ती पाच टोकं बंद केली. बाकीच्यांचा जोर कमी केला. आता कमी ऐकू येईल, पण टोचणार नाही. स्कॅन करायचा, तीन महिने बघायचं, मग दुसरं ऑपरेशन लागतं का ते ठरेल. मी विचारलं, दोन महिने ती इतकं सोसत होती, मग "आई" कसं म्हणते? "आजी" कसं म्हणायला लागली? दिवसभर मशीन कसं घालते?

"हळू आवाजाला नाही होत. मोठ्या आवाजाला होतं," मॅडम म्हणाल्या. "घरात मोठ्यानं कोण बोलतं?"

 दिपिकाला सगळं सांगायची संधी होती, रोह्याचं, धुळवडीचं. ती नुसती मालूच्या केसांतून हात फिरवत राहिली.

२६ मार्च

कामावर गेलो नाही. मी माझ्या लेकीला खांद्यावर बसवून करंट दिला आणि लोकांना हसवलं. याच्या पुढं लिहिता येत नाही.

६ एप्रिल, रविवार

मॅडम म्हणाल्या त्याप्रमाणे डोळा मिटणं थांबलं. आई अजून विचारते, "पोर डोला का नाय मारत आता?" दिपिकानं तिला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा आई ओटीवर जाऊन बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

दिपिकाजवळ मालू बोलते. आई, आजी, माऊ, दे. कमी ऐकते, पण मान वाकडी करून नेटानं ऐकते. मी आलो की टोपीतून मशीन काढते. फेकत नाही आता, रडत पण नाही. चकती सोडवते, मशीन उतरवते, माझ्या हातात आणून देते आणि मग मांडीवर येऊन बसते. माझ्या खिशातलं पेन काढते, माझ्या मिशा ओढते, हसते. लाड सगळे करून घेते. फक्त कान बंद करून.

चावल्याची खूण गेली. ती राहिली असती तर बरं वाटलं असतं.

११ एप्रिल

हळू बोलून बघितलं. कुजबुजून बघितलं. दिपिकाच्या मागं लपून बोलून बघितलं, तर इकडं तिकडं बघून मला शोधलं आणि मशीन काढलं. माझे ओठ हलले तरी काढते. आणि एकदा काढलं की दुसऱ्या दिवसापर्यंत घालून घेत नाही. अंग ताठ करते. जबरदस्ती करायची नाही असं मॅडमनी बजावलंय, आणि आता माझ्यात ती हिंमतही नाही.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज म्हणजे दुखणं, हे ती शिकलीय. ते पुसायला वेळ लागेल. काही दिवस तिच्याजवळ नुसते बसा. अजिबात बोलू नका. मशीन कानावर आहे, बाबा शेजारी आहे आणि काही टोचत नाही, एवढं आधी तिला पटू दे."

"किती दिवस?"

"ते तीच ठरवणार."

१३ एप्रिल, रविवार

केरू आला. पुढच्या आठवड्यात टूर्नामेंट आहे. मी मानेनंच नाही म्हटलं. तो म्हणाला, "अरं मैदानात बोल, घरात बोलू नको. तुज्या गल्याला देवानं दिलंय." मी परत मान हलवली. तो बराच वेळ बसला. जाताना चप्पल घालता घालता म्हणाला, "डोला मारते असं पयला मीच बोल्लो र." आणि मान खाली घालून गेला. मला त्याला थांबवायला हवं होतं. मालू ओटीवर होती, म्हणून बोललो नाही.

कंपनीत पण आता फार बोलत नाही. पंपावरची माणसं विचारतात, तब्येत बरी नाय का?

२७ एप्रिल, रविवार

दुपारी दिपिकानं आत वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या. मालू ओटीवर फतकल मारून बसली होती, मशीन कानावर. मी भिंतीला टेकून तिच्यापासून दोन हात लांब बसलो होतो, गेले दोन आठवडे बसतो तसा. ती एकेक वाल वाटीत टाकायची आणि मान वाकडी करून ऐकायची. टाकायची, ऐकायची.

मग वाटीकडंच बघत ती म्हणाली, "बाबा."

मला वाटलं मला भास झाला. आत दिपिकाचा हात थांबला, म्हणजे तिनं पण ऐकलं. आई अंगणातून म्हणाली, "अरं निल्या, पोर हाक मारतंय तुला. ओ दे की."

"बाबा," मालू परत म्हणाली आणि वळली. माझ्या तोंडाकडं बघायला लागली. बघता बघता तिचा उजवा हात वर गेला आणि चकतीवर जाऊन थांबला. मी बोललो तर काढायच्या तयारीत.

मी ओठ दाताखाली धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाहू दिलं, त्याचा आवाज होत नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. ओठ हलत नाहीत अशी खात्री झाल्यावर तिनं हात खाली घेतला, पाठ फिरवली आणि वाटीत एक वाल टाकला. आई परत म्हणाली, "अरं दे की ओ." दिपिकानं आतून तिला खूण केली.

मालूनं तिसऱ्यांदा हाक मारली, मागं न बघता. मी ओ दिली नाही.